समुद्रशैवल बहुवारिके आणि कर्करोगावरील औषधवहन

समुद्रातील तपकिरी व तांबड्या शैवलांच्या कोशिकाभित्तींमध्ये (पेशींच्या बाह्य आवरणांमध्ये) आढळणाऱ्या लांब साखळीच्या बहुशर्करांना समुद्रशैवल बहुवारिके म्हणतात. एकाच वा थोड्याच प्रकारचे लहान रेणू पुनःपुन्हा जोडले जाऊन जो मोठा रेणू तयार होतो, त्याला बहुवारिक ही संज्ञा आहे. अल्जिनेट, आगर, कॅरॅगीनन व फ्युकॉयडन ही या गटातील महत्त्वाची बहुवारिके होत. अन्नपदार्थ घट्ट करणे, जंतूंचे संवर्धन, जखमांवरील पट्ट्या इ. कामांसाठी ती बऱ्याच काळापासून वापरात आहेत. कर्करोगावरील औषध शरीरात इतरत्र न पसरता शक्यतो रोगग्रस्त भागातच पोहोचावे, यासाठी वाहक म्हणून त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहेत.

या विषयाच्या इतिहासात दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. किनाऱ्यावरील शैवलाचा राखेपासून अन्नाकडे व अन्नापासून औषधाकडे झालेला प्रवास हा पहिला, तर विषारी रसायनांना नेमकी दिशा देण्याची वैद्यकाची धडपड हा दुसरा प्रवाह होय. एखादा नैसर्गिक पदार्थ औषधाचा वाहक म्हणून मान्य होतो तो त्याच्या उगमामुळे किंवा ‘नैसर्गिक’ असल्यामुळे नव्हे. त्याची शुद्धता, एकसारखेपणा आणि शरीरातील त्याची गती या तीन गोष्टींवर त्याचे भवितव्य ठरते, असे या इतिहासावरून दिसून येते. वाशिमसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्याच्या संदर्भात पाहिल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते.

अंतर्देशीय परिचय : वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे तालुके होत. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच वाशिम. येथून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत सु. साडेचारशे किमी. दूर आहे. तरीही समुद्रशैवलांपासून मिळणारे पदार्थ या भागातील लोकांच्या नित्य परिचयाचे आहेत. किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ या नावाने मिळणारे व चिकाच्या दुधावाचून खरवसासारख्या वड्या करण्यासाठी वापरले जाणारे पारदर्शक तंतू म्हणजे तांबड्या शैवलांपासून काढलेले आगर होय. दंतवैद्य दातांचा ठसा घेण्यासाठी जी भुकटी पाण्यात कालवितो, तिच्यातील मुख्य घटक अल्जिनेट असतो. रुग्णाच्या रक्तातील वा लघवीतील जंतूंची वाढ करण्यासाठी विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जो थर ओततात, तोही आगराचाच असतो. आइसक्रीम व कापडावरील छपाईचे रंग यांतही ही बहुवारिके वापरतात. शैवल न पाहिलेल्या माणसाच्याही मुखात व वापरात शैवल आलेले असते.

प्राप्ती व गुणधर्म : अल्जिनेट हे तपकिरी शैवलांपासून मिळते. भारतीय किनाऱ्यावर सरगॅसम व टर्बिनॅरिया या प्रजाती त्यासाठी उपयुक्त आहेत. शैवल प्रथम विरल अम्लात धुऊन नंतर सोडियम कार्बोनेटाच्या विद्रावात तापविले म्हणजे सोडियम अल्जिनेट पाण्यात उतरते. गाळलेल्या विद्रावात अम्ल किंवा कॅल्शियम लवण घातल्यास अल्जिनिक अम्ल वा कॅल्शियम अल्जिनेट साक्याच्या रूपाने वेगळे होते. आगर हे ग्रॅसिलॅरिया व जेलिडियम यांसारख्या तांबड्या शैवलांना पाण्यात उकळून काढतात. कॅरॅगीनन हेही तांबड्या शैवलांपासून मिळते व त्याच्या साखळीत गंधकयुक्त सल्फेट गट असतात. फ्युकॉयडन हे तपकिरी शैवलांतील सल्फेटयुक्त बहुवारिक असून फ्युकोज ही शर्करा त्याचा मुख्य घटक असते.

औषधवहनाच्या दृष्टीने अल्जिनेटाचा एक गुणधर्म विशेष महत्त्वाचा आहे. सोडियम अल्जिनेटाच्या विद्रावाचे थेंब कॅल्शियम क्लोराइडाच्या विद्रावात सोडले असता प्रत्येक थेंबाचा क्षणार्धात मऊ, पाणीदार मणी बनतो. यासाठी उष्णता, तीव्र अम्ल किंवा कार्बनी विद्रावक यांची गरज लागत नाही. त्यामुळे विद्रावात आधी मिसळलेले औषध, प्रथिन किंवा जिवंत कोशिकादेखील मण्यात अबाधित राहू शकतात. हा मणी जठरातील अम्लात आकसून राहतो व आतड्यातील अल्कधर्मी परिस्थितीत फुगून विरघळू लागतो. म्हणून जठरात बिघडणारे औषध आतड्यापर्यंत नेण्यास तो सोयीचा ठरतो. अल्जिनेट श्लेष्मल त्वचेला (तोंड, आतडे इत्यादींच्या आतील ओलसर अस्तराला) चिकटूनही राहते.

प्रारंभीचा इतिहास : यूरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत समुद्रशैवले जाळून त्यांच्या राखेतून काच व साबण यांसाठी लागणारे क्षार मिळवीत असत. फ्रेंच रसायनज्ञ बेर्नार कूर्त्वा (१७७७–१८३८) यांना १८११ मध्ये अशाच राखेत आयोडीन हे मूलद्रव्य सापडले. मात्र शैवल जाळल्याने त्यातील कार्बनी पदार्थ वाया जातात, हे ब्रिटिश रसायनज्ञ एडवर्ड सी. सी. स्टॅनफर्ड (१८३७–९९) यांनी ओळखले. स्कॉटलंडमधील शैवलांवर काम करीत असता त्यांना एक चिकट पदार्थ मिळाला व त्याला त्यांनी ‘अल्जिन’ हे नाव दिले. त्याचे एकस्व (पेटंट) त्यांनी १८८१ मध्ये घेतले. अल्जिनेटाचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाले.

आगराचा उपयोग जपानमध्ये सतराव्या शतकापासून खाद्यपदार्थात होत असे. वैद्यकात त्याला स्थान मिळाले ते एका गृहिणीच्या सूचनेमुळे. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुसंवर्धनासाठी वापरले जाणारे जिलेटीन उन्हाळ्यात वितळून जाई. तेथील वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे (१८५०–१९३४) यांनी मुरंबे घट्ट करण्यासाठी घरी वापरात असलेले आगर १८८१ मध्ये सुचविले. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत आगर रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून होणारा पुरवठा तुटल्यामुळे अनेक देशांना आगरासाठी स्वतःचे किनारे धुंडाळावे लागले. भारतातही १९४० नंतरच्या दशकात ग्रॅसिलॅरियापासून आगर तयार करण्याचे प्रयोग झाले. दातांच्या ठशासाठी आगराऐवजी अल्जिनेट वापरण्याची पद्धतही याच टंचाईमुळे पसरली.

युद्धानंतर कॅल्शियम अल्जिनेटाचे धागे व जाळी शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबविण्यासाठी आणि जखमा झाकण्यासाठी वापरण्याचे प्रयोग इंग्लंडमध्ये झाले. जॉर्ज ब्लेन यांनी १९४७ मध्ये त्यांविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. यामुळे शैवल बहुवारिकाचा मानवी शरीराशी वैद्यकीय हेतूने निकटचा संबंध आला.

या बहुवारिकांची रचना समजण्यास बराच काळ लागला. स्वीडिश वनस्पतिवैज्ञानिक हाराल्ड क्यूलिन (१८७९–१९४९) यांनी १९१३ मध्ये फ्युकॉयडन प्रथम वेगळे केले. अल्जिनेटात मॅन्युरॉनिक अम्लाबरोबर गुल्युरॉनिक अम्लही असते, हे १९५५ मध्ये निदर्शनास आले. या दोन घटकांचे लहानमोठे गट साखळीत एकाआड एक कसे येतात, याचा उलगडा नॉर्वेतील हाउग, लार्सेन व स्मिड्‌स्रॉड यांनी त्यानंतरच्या दशकात केला. १९७३ मध्ये ब्रिटनमधील ग्रँट, मॉरिस, रीस व त्यांचे सहकारी यांनी कॅल्शियम अल्जिनेटाच्या घट्टपणाचे चित्र मांडले : दोन साखळ्यांमधील गुल्युरॉनिक अम्लाच्या खोबणींत कॅल्शियमाचे आयन (विद्युत् भारित अणू) अंडी ठेवण्याच्या पुठ्ठ्यातील अंड्यांप्रमाणे बसतात व साखळ्या एकमेकींना जखडतात. गुल्युरॉनिक अम्लाचे प्रमाण जास्त असल्यास मणी कठीण होतो, कमी असल्यास मऊ राहतो. हे प्रमाण शैवलाची जाती, त्याचा भाग, ऋतू व किनारा यांप्रमाणे बदलते. पुढे औषधवाहक म्हणून अल्जिनेट वापरताना हीच गोष्ट मोठी अडचण ठरली.

महाराष्ट्र व गोवा येथील अभ्यास : मुंबई इलाख्यातील समुद्रशैवलांचा पद्धतशीर अभ्यास डॅनिश शैवलतज्ञ फ्रेडरिक बॉर्गेसेन (१८६६–१९५६) यांच्यापासून सुरू झाला. त्यांनी १९२७-२८ मध्ये भारतात येऊन शैवले गोळा केली व १९३० पासून त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. एला गोन्साल्विस यांनी १९४७ मध्ये मुंबईच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील शैवलांत ऋतुमानाप्रमाणे होणारे बदल नोंदविले. स्वातंत्र्यानंतर भावनगर येथे १९५४ मध्ये केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था स्थापन झाली. आगर व अल्जिनेट यांच्या निष्कर्षणाच्या भारतीय पद्धती विकसित करण्यात तिचा वाटा मोठा आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या व दोना पावला (गोवा) येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यावरील शैवलांची पाहणी केली. या संस्थेतील उंटवाले, धारगळकर व आगडी यांनी भारतातील सागरी शैवलांची यादी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली.

रत्नागिरी, मालवण तसेच गोव्यातील हणजूण या भागांतील खडकाळ किनाऱ्यांवर पावसाळा संपल्यावर सरगॅसमची वाढ जोमाने होते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळलेला असल्यामुळे वर्षभर सारखे पीक मिळत नाही. यामुळे तमिळनाडूच्या मानाने कोकणात शैवलांची लागवड व उद्योग मर्यादित राहिले. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्रशैवलांच्या लागवडीस प्रोत्साहन देण्याची तरतूद केली गेली.

कर्करोगाची रसायनचिकित्सा व वाहकाची गरज : शरीराला इजा न करता केवळ रोगकारकावर आघात करणाऱ्या ‘जादूच्या गोळी’ची कल्पना जर्मन वैज्ञानिक पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. कर्करोगाच्या बाबतीत मात्र आरंभीची औषधे या कल्पनेच्या अगदी उलट होती. युद्धातील विषारी वायूंशी संबंधित असलेल्या नायट्रोजन मस्टर्डचा लसीका ग्रंथींच्या अर्बुदांवर (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीने झालेल्या गाठींवर) परिणाम होतो, असे अमेरिकेतील येल विद्यापीठात १९४२ मध्ये आढळले. युद्धकालीन गुप्ततेमुळे ही माहिती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. सिडनी फार्बर (१९०३–७३) यांनी १९४८ मध्ये ॲमिनोप्टेरीन या औषधाने मुलांमधील रक्ताचा कर्करोग काही काळ मागे हटतो, असे दाखविले. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले होते.

या व नंतरच्या बहुतेक औषधांचा आघात वेगाने विभागणाऱ्या सर्वच कोशिकांवर होतो. त्यामुळे अस्थिमज्जा, केसांची मुळे व आतड्याचे अस्तर यांनाही इजा पोहोचते. केस गळणे, उलट्या, तोंडातील व्रण व जंतुसंसर्गाची भीती या यातना रुग्णाला सोसाव्या लागतात. १९६० नंतरच्या दशकात इटलीत मातीतील सूक्ष्मजंतूंपासून मिळालेले डॉक्सोरुबिसीन हे अनेक प्रकारच्या कर्करोगांवर प्रभावी ठरले. परंतु त्याची एकूण मात्रा वाढत गेल्यास हृदयाच्या स्नायूंना कायमची इजा होते. प्रभावी औषध हाती असूनही ते पुरेसे देता येत नाही, हा पेच सोडविण्यासाठी वाहकाची गरज निर्माण झाली.

वाहकांच्या कल्पनेला १९६० नंतर आकार आला. ॲलेक बँगम (१९२१–२०१०) यांनी फॉस्फोलिपिडे पाण्यात मिसळल्यास त्यांच्या सूक्ष्म, पोकळ पिशव्या बनतात, असे दाखविले. त्यांना लिपोसोम म्हणतात. जर्मन रसायनज्ञ हेल्मूट रिंग्सडॉर्फ यांनी १९७५ मध्ये बहुवारिक वाहकाचा आराखडा मांडला. एका लांब साखळीला औषध, विद्राव्यता वाढविणारा गट व लक्ष्य ओळखणारा गट असे तीन घटक जोडावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९८६ मध्ये मात्सुमुरा व माएडा या जपानी संशोधकांनी अर्बुदातील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने मोठे रेणू तेथे झिरपतात व बराच काळ साचून राहतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले. यामुळे वाहकाचा आकार योग्य ठेवल्यास तो अर्बुदात आपोआप साचेल, अशी आशा निर्माण झाली.

अल्जिनेट वाहक : फ्रँक्लिन लिम व अँथनी सन यांनी १९८० मध्ये इन्शुलीन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील कोशिका अल्जिनेटाच्या सूक्ष्म कुप्यांमध्ये बंदिस्त करून मधुमेही उंदरांच्या शरीरात बसविल्या. हे काम कर्करोगाशी संबंधित नव्हते. तथापि शैवल बहुवारिकाच्या आवरणात जैव पदार्थ शरीरात ठेवता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुढची महत्त्वाची पायरी फ्रान्समध्ये गाठली गेली. राजाओनारिवोनी, व्होतिए, कुव्रर व सहकारी यांनी १९९३ मध्ये अल्जिनेटाचे अतिसूक्ष्म कण तयार करून त्यांत डॉक्सोरुबिसीन भरल्याचे प्रसिद्ध केले. विद्रावात कॅल्शियमाचे प्रमाण मणी घट्ट होण्याच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवावयाचे व नंतर पॉलिलायसीन या धन विद्युत् भारित बहुवारिकाने कण स्थिर करावयाचे, अशी ही पद्धत होती. किनाऱ्यावरील शैवल व कर्करोगावरील औषध हे दोन प्रवाह येथे एकत्र आले.

यानंतर अल्जिनेटाचे कण, पातळ पापुद्रे व जागेवरच घट्ट होणारी जेले यांवर अनेक देशांत प्रयोग झाले. अल्जिनेट व कायटोसान (कोळंबी, खेकडे यांच्या कवचापासून मिळणारे बहुवारिक) यांचे परस्परविरुद्ध विद्युत् भार एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून या जोडीचा वापर विशेष झाला. विदर्भात खर्रा, गुटखा इ. रूपांत तंबाखू खाण्याची सवय व्यापक असल्याने मुखाचा कर्करोग ही येथील गंभीर समस्या आहे. त्या दृष्टीने श्लेष्मल त्वचेला चिकटून राहणाऱ्या व औषध हळूहळू सोडणाऱ्या अल्जिनेट-पापुद्र्यांचे संशोधन येथील वाचकाला जवळचे वाटेल.

लक्ष्यवेध : अल्जिनेट हे मुख्यतः औषध सांभाळून नेते, रोगग्रस्त कोशिका ओळखण्याची शक्ती त्याच्या अंगी नाही. त्यासाठी फॉलिक अम्ल, प्रतिपिंड (विशिष्ट परकी द्रव्य ओळखणारे प्रथिन) यांसारखे घटक त्याला जोडावे लागतात. फ्युकॉयडनची गोष्ट वेगळी आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर पी-सिलेक्टीन नावाचे प्रथिन असते व अनेक अर्बुदांच्या रक्तवाहिन्यांत ते अधिक प्रमाणात आढळते. फ्युकॉयडन या प्रथिनाला स्वतःच चिकटते. न्यूयॉर्क येथील स्लोन केटरिंग संस्थेतील डॅनिएल हेलर व सहकारी यांनी २०१६ मध्ये औषधयुक्त फ्युकॉयडन-कण उंदरांना देऊन ते मूळ अर्बुदांत तसेच दूरवर पसरलेल्या गाठींतही पोहोचतात, असे दाखविले. शैवल बहुवारिक केवळ वाहन न राहता मार्ग दाखविणाराही होऊ शकतो, हे या प्रयोगाचे महत्त्व होय.

अडचणी : प्रयोगशाळेतील यश रुग्णापर्यंत पोहोचण्यात चार मुख्य अडथळे आहेत. पहिला शुद्धतेचा. शैवलांत जड धातू, आर्सेनिक, फेनॉलयुक्त पदार्थ व प्रथिने यांचे अंश राहतात. सूक्ष्मजंतूंची विषेही मिसळलेली असतात. खाद्यपदार्थात किंवा दातांच्या ठशात चालणारे अल्जिनेट रक्तात सोडण्यास चालत नाही. दुसरा एकसारखेपणाचा. ऋतू व किनारा यांप्रमाणे रचना बदलत असल्याने आज तयार केलेला कण व सहा महिन्यांनी तयार केलेला कण सारखेच वागतील, याची हमी देणे कठीण जाते. औषधाच्या बाबतीत तर ही हमी अनिवार्य असते.

तिसरा अडथळा शरीरातील गतीचा. अल्जिनेटाचे विघटन करणारे एंझाइम मनुष्याच्या शरीरात नाही. कॅल्शियम निघून गेल्यावर मणी विरघळतो, पण सुटलेल्या साखळ्या तुटत नाहीत. ज्यांचा रेणुभार सु. ५०,००० पेक्षा कमी असतो, त्याच मूत्रपिंडावाटे बाहेर पडू शकतात. साखळ्या आधीच आखूड करणे किंवा त्यांचे सौम्य ऑक्सिडीकरण करणे हे त्यावरील उपाय होत. पदार्थ शरीरात कोणत्या मार्गाने जातो, यावरही पुष्कळ अवलंबून असते. खाद्यपदार्थांत वापरले जाणारे कॅरॅगीनन उंदराच्या पंजात टोचले असता तेथे शोथ (दाहयुक्त सूज) येतो. इतका खात्रीने येतो की, शोथ कमी करणाऱ्या नव्या औषधांची परीक्षा करण्यासाठी ही पद्धत १९६२ पासून रूढ झाली आहे.

चौथा अडथळा सर्वच सूक्ष्मकणांना लागू आहे. टोरँटो येथील संशोधकांनी दहा वर्षांतील प्रसिद्ध प्रयोगांचा आढावा घेऊन २०१६ मध्ये असे दाखविले की, प्राण्यांना टोचलेल्या कणांपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्या कणांचे मध्यमान प्रमाण अवघे ०·७ टक्के आहे. बाकीचे कण मुख्यतः यकृत व प्लीहा यांत अडकतात. ‘लक्ष्यवेधी’ हा शब्द म्हणून मर्यादित अर्थानेच घ्यावा लागतो.

या कारणांमुळे समुद्रशैवलांपासून बनविलेला लक्ष्यवेधी वाहक कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारात अजून रूढ झालेला नाही. समुद्रशैवल किंवा त्याच्या अर्काच्या गोळ्या खाल्ल्याने कर्करोग बरा होतो, अशी जी जाहिरात केली जाते, तिला या संशोधनाचा आधार नाही. वाहकाचे प्रयोग हे नियंत्रित मात्रेत औषध नेण्याचे प्रयोग आहेत. शैवल हे स्वतः औषध असल्याचा तो पुरावा नव्हे. अशा गोळ्यांवर विसंबून रुग्णाने उपचार लांबणीवर टाकल्यास बरा होऊ शकणारा रोगही हाताबाहेर जातो.

सोयाबीनशी तुलना : याच काळात दुसऱ्या एका नैसर्गिक पदार्थाने मात्र हा उंबरठा ओलांडला. डॉक्सोरुबिसीन भरलेल्या लिपोसोमांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये मान्यता दिली. कर्करोगावरील औषधासाठी मान्य झालेला हा सूक्ष्मकणरूप वाहकाचा पहिला महत्त्वाचा नमुना होय. त्याने हृदयाला होणारी इजा घटली. परंतु तळहात व तळपाय लाल होऊन सोलणे हा नवा त्रासही दिसून आला. या लिपोसोमांच्या भिंतीतील मुख्य घटक हा सोयाबीनपासून मिळविलेले व हायड्रोजनाच्या प्रक्रियेने स्थिर केलेले फॉस्फोलिपिड असते. सोयाबीन हे वाशिम जिल्ह्यातील खरीप हंगामाचे प्रमुख पीक आहे. शेतात पिकणारा दाणा व रक्तात टोचण्याजोगे फॉस्फोलिपिड यांच्यामध्ये तेल काढणे, गाळणे, वेगवेगळे घटक अलग करणे, हायड्रोजनीकरण आणि प्रत्येक टप्प्यावरील कसोटी अशी लांब साखळी असते. सोयाबीनच्या बाबतीत ही साखळी पूर्ण झाली. शैवलांच्या बाबतीत ती अद्याप पूर्ण व्हावयाची आहे. दोहोंतील फरक हा गुणांचा तितका नाही, जितका प्रमाणीकरणाचा आहे.

वाहक तयार करण्याची क्षमता महाराष्ट्रात नाही, असेही नव्हे. बुरशीजन्य रोगांवरील अँफोटेरिसीन-बी हे औषध लिपोसोमांत भरून देण्याचे काम मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर व सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात केले. २०१२ मध्ये अमेरिकेत लिपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसीनची टंचाई झाली, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मास्युटिकल या कंपनीच्या औषधाच्या आयातीस तेथील प्रशासनाने तात्पुरती परवानगी दिली व २०१३ मध्ये तिच्या औषधास रीतसर मान्यता दिली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०), तसेच मुंबईतील रसायन तंत्रज्ञान संस्था (१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून स्थापना) व भारतीय तंत्रविज्ञान संस्था येथे बहुवारिके व औषधवाहक कण यांवर संशोधन होत आले आहे.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्व : मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५२ मध्ये वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. तंबाखूसारख्या सवयी व भारतातील कर्करोगाचे प्रकार यांच्या संबंधावर खानोलकरांनी केलेले काम मौलिक आहे. १९६६ मध्ये या दोन्ही संस्था टाटा स्मारक केंद्र या नावाने एकत्र आल्या. वाशिम जिल्ह्यातील रुग्णाला विशेष उपचारासाठी अकोला, नागपूर किंवा थेट मुंबईचा रस्ता धरावा लागतो. नागपूर येथील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयापर्यंतचे अंतरही दोनशे किमी. हून अधिक आहे. रसायनचिकित्सेच्या प्रत्येक फेरीगणिक हा प्रवास, सोबतच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी व औषधाचे दुष्परिणाम यांचा भार पडतो. अनेकदा उपचार अर्धवट सुटतात ते याच कारणाने.

औषध दीर्घकाळ हळूहळू सोडणारा, दुष्परिणाम घटविणारा व स्वस्त कच्च्या मालापासून बनणारा वाहक मिळाल्यास या भारापैकी काही अंश निश्चित कमी होईल. समुद्रशैवले गोडे पाणी, खत वा जमीन न घेता वाढतात, हा त्यांचा मोठा लाभ आहे. तथापि औषधाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा अल्प असतो. शुद्धीकरण, कसोट्या व मानवी चाचण्या यांचा खर्चच मोठा असतो. म्हणून ठरावीक जातीच्या शैवलाची नियंत्रित लागवड, त्यापासून औषधी दर्जाच्या बहुवारिकाचे उत्पादन आणि रुग्णालयांतील चाचण्या ही तीन कामे एकमेकांशी जोडली जाणे आवश्यक आहे. भारतात या तिन्ही कामांसाठी स्वतंत्र संस्था उपलब्ध आहेत. तंबाखूपासून परावृत्त करणे व मुखाच्या कर्करोगाचे निदान लवकर करणे हे उपाय मात्र कोणत्याही नव्या वाहकाची वाट न पाहता आजच करता येण्याजोगे आहेत.